एका अपुऱ्या खेळाची पाठशुद्धि

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशीं, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झालेल्या या संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत एक काम अखंड चाललें होतें. महाभारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील व निरनिराळ्या लिपींतील पोथ्या जमवावयाच्या, त्या शब्दाशब्दानें ताडून पाहावयाच्या, आणि त्यांतील जुनें कोणतें व मागाहून घुसडलेलें कोणतें याचा निवाडा करावयाचा, असें त्या कामाचें स्वरूप होतें. कागदाच्या माथ्यावर एक श्लोक लिहून त्याच्या खालीं एकेका पोथींतील पाठभेद अक्षराखालीं अक्षर येईल अशा बेतानें मांडीत. अशा १२५९ पोथ्या या कामीं लागल्या. १९२५ पासून १९४३ मध्यें निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे या कार्याचे प्रमुख संपादक होते. त्या उद्योगाचा एक परिणाम असा झाला कीं, 'पाठभेद', 'प्रक्षेप', 'संशोधित आवृत्ति' हे शब्द पुण्यांतील सुशिक्षित कुटुंबांत बैठकीच्या बोलण्यांतहि सहज येऊं लागले.

हेच शब्द त्याच कुटुंबांतील तरुण मंडळींच्या एका छंदाला किती नेमके लागू पडतात, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. सुटींत घरीं आलेलीं मुलें संगणकापुढें बसून व्हिडिओ गेम खेळतात, एवढें वडील माणसांना दिसतें. परंतु कित्येकदां अख्खा दिवस खेळावांचूनच जातो. कोठून तरी फाईली उतरवून घेणें, त्या एका ठराविक क्रमानें खेळाच्या फोल्डरांत घालणें, कांहीं बिघडलें कीं सर्व पुसून टाकून पुनः आरंभ करणें, असा खटाटोप चालूं असतो. "अरे, विकत घेतलेला खेळ आहे तसा खेळावा, त्यांत हात कशाला घालायचा ?" असें आजोबा विचारतात, नातू "मॉड घालतोय, आजोबा" एवढेंच सांगतो, आणि संवाद तेथेंच संपतो.

मॉड म्हणजे खेळ विकत घेणाऱ्यानें खेळांत केलेला फेरफार. कारखान्यांतून आलेली वस्तु आपल्या सोयीप्रमाणें बदलून घेणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. तयार सदरा घरीं आणून त्याच्या बाह्या आंखूड करणारें घर कोणतें नाहीं? मात्र खेळांतील फेरफार एकानें केला कीं तो हजारोंना जशाच्या तसा घेतां येतो, आणि म्हणून तो कसा करावा याविषयीं वाद, नियम आणि परंपरा उत्पन्न होतात. कोणी चित्रें उजळ करतो, कोणी चुका दुरुस्त करतो, कोणी नवीं पात्रें निर्माण करतो. या सर्वांत ज्याला जुन्या पोथ्यांचा गंध आहे अशा वाचकानें मुद्दाम पाहावा असा एकच प्रकार आहे : खेळ बाहेर पडतांना जें गाळलें गेलें तें शोधून पुनः जागीं बसविणें. त्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अंतराळांतील एका खेळाचें आहे.

हा खेळ 'रोल-प्लेइंग' जातीचा, म्हणजे भूमिका घेण्याचा आहे. बुद्धिबळांत खेळणारा पटाच्या बाहेर असतो. येथें तो पटावरच्या एका पात्राच्या अंगांत शिरतो. त्याच्याशीं दुसरीं पात्रें बोलतात, पडद्यावर चार-पांच उत्तरें दिसतात, आणि त्यांतील जें तो निवडील त्याप्रमाणें पुढील कथा वळते. सोबत्याशीं सौम्यपणें बोललें तर तो आपलें पूर्वायुष्य सांगेल, तोडून बोललें तर सांगणार नाहीं. लढाईचा प्रसंग आला कीं यंत्र आंतल्या आंत वीस पैलूंचा एक फांसा टाकतें आणि वार लागला कीं चुकला हें त्या दानावर ठरतें. थोडक्यांत, कादंबरी, नाटक आणि सोंगट्या यांचें हें मिश्रण आहे. म्हणूनच अशा खेळांतील एखादा प्रवेश गहाळ झाला तर पट फाटल्यासारखें होत नाहीं, नाटकाचा अंक फाटल्यासारखें होतें.

'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हा खेळ कॅनडांतील बायोवेअर या मंडळीनें २००३ सालीं काढला व तो फार लोकप्रिय झाला. त्याचा दुसरा भाग 'द सिथ लॉर्ड्स' करण्याचें काम कॅलिफोर्नियांतील ऑब्सिडियन या नव्यानेंच निघालेल्या मंडळीकडे आलें. पहिल्या भागाचें यंत्र आयतें मिळालें होतें, परंतु कथा सर्वस्वी नवी होती, आणि ती साधी नव्हती. एका महायुद्धांत शेवटची भयंकर आज्ञा देऊन एक अख्खा ग्रह उध्वस्त करणारा, आणि त्यामुळें आपल्याच पंथांतून हद्दपार झालेला एक योद्धा (स्त्री किंवा पुरुष, खेळणाऱ्याच्या इच्छेप्रमाणें) पेरागस नांवाच्या ओसाड खाणींत शुद्धीवर येतो. त्याला क्रेया नांवाची एक वृद्धा भेटते व त्याची गुरु बनते. या वृद्धेनें दिलेले धडे हेंच या खेळाचें खरें धन आहे. एका गजबजलेल्या, गलिच्छ शहरांत एक भिकारी हात पसरतो. त्याला पैसे द्यावे, तर ते पाहून दुसरा त्याला मारून लुटतो. न द्यावे, तर तोच चिडून दुसऱ्याला लुटतो. दोन्ही वेळां क्रेया खेळणाऱ्यालाच जाब विचारते. दानधर्माची इतकी अवघड चर्चा मुलांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या करमणुकींत असेल असें कोणाला वाटणार नाहीं.

परंतु हें नाटक अपुरें राहिलें. दीड वर्षाच्याहि आंत सर्व काम उरकून डिसेंबर २००४ मध्यें, नाताळच्या विक्रीच्या हंगामांत, खेळ एक्सबॉक्स या यंत्रासाठीं बाहेर पडला. घरगुती संगणकासाठीं तो फेब्रुवारी २००५ मध्यें आला. पहिले तीन चतुर्थांश कथानक सुरेख विणलेलें, आणि शेवटचा भाग उसवलेला. अंतिम ग्रहावर नायकाचें जहाज कोसळतें आणि ज्यांच्याशीं तासन् तास बोलून स्नेह जोडला ते सोबती एकाएकीं दिसेनासे होतात. त्यांतील कोण जगला, कोण मेला, याचा पत्ता नाहीं. एका लहानशा उडत्या यंत्राला त्याच्या मालकाचा निरोप मिळतो, तें कामाला लागतें, तोंच दुसरें यंत्र त्याच्यावर शस्त्र रोखतें. आणि पडदा बदलतो तो कायमचाच. ही कोणा लेखकाची सूचक शैली असावी असें प्रथम पुष्कळांना वाटलें. तसें नव्हतें. तेथें पान फाटलें होतें.

तें फाटलेलें पान कोठें सांपडलें, तर विकत घेतलेल्या डिस्कवरच. खेळणाऱ्यांपैकीं कांहीं जिज्ञासु लोकांनीं फाईली उघडून पाहिल्या तेव्हां खेळांत कधींच ऐकूं न येणारे संवाद त्यांत निघाले. नुसते लिहिलेले नव्हेत, तर नटांनीं प्रत्यक्ष म्हणून ध्वनिमुद्रित केलेले. मुदत जवळ आली तेव्हां कारागिरांनीं हे प्रवेश पुसून काढण्यांत वेळ दवडला नाहीं. त्यांच्याकडे जाणारी वाट तेवढी बंद केली. विंगेंत नट वेष करून उभे आहेत, भाषणें पाठ आहेत, पण रंगभूमीवर येण्याची खूण त्यांना कोणी करीतच नाहीं, असा हा प्रकार होता. प्रत्येक ग्राहकाच्या घरीं हीं मुकीं भाषणें वर्षानुवर्षें पडून होतीं.

वाट पुनः उघडणें शक्य झालें तें या यंत्राच्या रचनेमुळें, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. खेळाचें सर्व साहित्य, म्हणजे चित्रें, आवाज, माणसांच्या आकृति, मोठमोठ्या गाठोड्यांत बांधून ठेवलेलें असतें. सर्व लिखित वाक्यें एका प्रचंड फाईलींत क्रमांकवार लावलेलीं असतात. प्रत्येक संभाषण ही वेगळी फाईल असून तिचा आकार झाडासारखा असतो : एका वाक्यापासून अनेक उत्तरांच्या फांद्या, प्रत्येक उत्तरापासून पुढें आणखी फांद्या, आणि प्रत्येक फांदीपाशीं 'अमुक घडलें असेल तरच इकडे वळावें' अशी अट. शिवाय शस्त्रांची, पोशाखांची, पात्रांच्या गुणांची कोष्टकें निराळीं. आतां यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, या यंत्राला 'ओव्हरराइड' नांवाचें एक फोल्डर दिलेलें आहे. कोणतीहि फाईल हवी झाली कीं यंत्र आधीं त्या फोल्डरांत डोकावतें, आणि त्याच नांवाची फाईल तेथें आढळली तर गाठोड्यांतील मूळ फाईल सोडून तीच वापरतें. म्हणजे मूळ ग्रंथाला धक्का न लावतां त्याच्यावर चिकटपट्टीनें दुरुस्तीचें पान लावण्याची ही सोय झाली. पट्टी काढली कीं खालील अक्षर जसेंच्या तसें.

सोय असली तरी काम सोपें नव्हतें. तोडलेली फांदी सांपडली, पण ती कोणत्या वाक्यापाशीं जोडावयाची हें कोठें लिहिलेलें नसे. संवाद असे, पण बोलणाऱ्या पात्रानें कोठें उभें राहावें, दार केव्हां उघडावें, ओठ कसे हलावे, याच्या सूचना नसत. त्या नव्यानें रचाव्या लागत. एक प्रवेश बसविला कीं दुसरीकडे तिसरेंच कांहीं मोडे. टीम गिझ्का या नांवानें एकत्र आलेल्या मंडळींनीं खेळ निघाल्यानंतर लौकरच हें काम हातीं घेतलें. वाट पाहणाऱ्यांनीं वर्षानुवर्षें वाट पाहिली, परंतु तें रीतसर पुरें होऊन प्रसिद्ध झालें नाहीं. पुढें दुसऱ्या एका लहानशा गटानें निराळा आरंभ केला, २००९ मध्यें आपला पहिला खर्डा लोकांपुढें ठेवला, आणि चुका ऐकून घेत, सुधारीत, २०१२ मध्यें १.८ या क्रमांकाची आवृत्ति काढली. 'द सिथ लॉर्ड्स रिस्टोअर्ड कंटेंट मॉडिफिकेशन' हें तिचें लांबलचक नांव. खेळणारे नुसतीं आद्याक्षरें घेऊन तिला 'टीएसएलआरसीएम' म्हणतात. या कामाबद्दल कोणीं कोणाकडून पैसा घेतला नाहीं. सोबत्यांचीं कित्येक संभाषणें, अंतिम ग्रहावरील तुटलेल्या प्रसंगांचे दुवे, त्या उडत्या यंत्राच्या अर्ध्यावर सुटलेल्या प्रसंगाचा पुढील भाग, एचके-४७ या खुनशी पण विनोदी यंत्रमानवाच्या वाट्याला यावयाचा एक संपूर्ण कारखाना, आणि त्याखेरीज मूळच्या असंख्य बारीक चुकांची दुरुस्ती, एवढें सर्व तींत आहे.

येथें लॉ कॉलेज रस्त्यावरील पोथ्यांची आठवण होते, आणि दोन्ही कामें एकाच जातीचीं आहेत असें म्हणण्याचा मोह होतो. तसें घाईनें म्हणूं नये. त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. महाभारत शतकानुशतकें वाढत गेलें. म्हणून त्याच्या संपादकांना मुख्यतः काढावें लागलें. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहून घ्यावें ही घरोघर माहीत असलेली कथा आदिपर्वाच्या मुख्य पाठांत टिकली नाहीं, ती परिशिष्टांत गेली. आजीच्या तोंडून ती ऐकलेल्या माणसाला हें थोडें लागतेंच. उलट, खेळ घाईंत आंखडला गेला. म्हणून त्याच्या दुरुस्तांना घालावें लागलें. साम्य आहे तें निराळ्या ठिकाणीं आहे. दोन्हीकडे मुख्य नेम हा कीं पुरावा नसेल तेथें आपल्या पदरचें वाक्य घालावयाचें नाहीं. पोथ्यांत ज्याला आधार नाहीं तो श्लोक कितीहि सुंदर असला तरी मुख्य पाठांत नाहीं. डिस्कवर ज्याचा मागमूस नाहीं तो प्रसंग कितीहि हवासा वाटला तरी या मॉडमध्यें नाहीं. आणि महाभारताच्या संपादकांनीं काढलेलें सर्व फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवलें, तसाच कांहींसा विवेक या दुरुस्तांनींहि एका ठिकाणीं दाखविला आहे.

तें ठिकाण म्हणजे एम४-७८ नांवाचा यंत्रमानवांचा ग्रह. मूळ योजनेंत हा सबंध ग्रह होता. तो पार गाळला गेला. त्याचे कांहीं अवशेष डिस्कवर राहिले, परंतु ते इतके त्रोटक कीं ग्रह उभा करावयाचा तर पुष्कळ मजकूर स्वतः लिहिणें व पुष्कळ रचना स्वतः करणें भाग होतें. तशी ती करण्यांत आलीहि. पण ती मुख्य मॉडमध्यें मिसळण्यांत आली नाहीं. वेगळी पुरवणी म्हणून वेगळ्या नांवानें देण्यांत आली. हवी त्यानें घ्यावी. ज्याला 'मूळचें' पाहावयाचें आहे त्याच्या पानांत दुसऱ्याचें अक्षर न सांगतां शिरूं नये, ही सचोटी साधी नाहीं. हरिदासांनीं आणि पोथी उतरणाऱ्यांनीं ती पाळली असती तर भांडारकर मंदिराचें निम्मे काम वांचलें असतें. मात्र गोष्टीहि निम्म्याच उरल्या असत्या.

पाठशुद्धीचा एक धोका मात्र या मॉडलाहि चुकलेला नाहीं. संशोधकाला जें सांपडतें तें मौल्यवान वाटूं लागतें, आणि मौल्यवान वाटलेलें गाळण्याचें धैर्य होत नाहीं. एचके-४७चा कारखाना हें त्याचें उदाहरण. सोबत्यांना सोडून तो यंत्रमानव एकटाच लांब दालनांतून लढत जातो, आणि त्याचा तिखट विनोद ऐकण्यासाठीं कंटाळवाण्या झुंजींचा मोठा दंड भरावा लागतो. मूळ कारागिरांना आणखी सहा महिने मिळते, तर त्यांनीं हा भाग असाच ठेवला असता असें वाटत नाहीं. कदाचित् तो आपण होऊनच छाटला असता. गाळलेली प्रत्येक गोष्ट अन्यायानेंच गाळली जाते असें नाहीं. सुखठणकरांनीं आपल्या प्रस्तावनेंत आपला पाठ म्हणजे व्यासांचा मूळ ग्रंथ नव्हे, उपलब्ध पोथ्यांवरून जेथपर्यंत मागें जातां येतें तेथपर्यंतचा तो पाठ आहे, अशी मर्यादा घालून घेतली होती. या खेळाच्या बाबतींतहि मर्यादा तीच. मॉड घातलेला खेळ हा कारागिरांच्या मनांतला खेळ नव्हे. त्यांनीं खोलींत जें सोडून दिलें त्यावरून जेवढा अदमास बांधतां येतो तेवढा आहे. इतकें ध्यानांत ठेवलें तर तो मूळापेक्षां पुष्कळच समाधान देतो, आणि पहिल्याच वेळीं तो घालून खेळावा हें निःसंशय.

बाकीच्या मॉडांविषयीं थोडक्यांत. जुन्या चित्रांच्या जागीं ठसठशीत चित्रें बसविणारे मॉड पुष्कळ आहेत. त्यांना हरकत घेण्याचें कारण नाहीं; कथेच्या एकाहि अक्षराला ते हात लावीत नाहींत. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताची सचित्र आवृत्ति निघावी म्हणून एक लाख रुपये देऊं केले, तेव्हां चित्रांमुळें पाठ बिघडेल असें कोणाला वाटलें नव्हतें. फक्त एकाच खोलींत एक भिंत नव्या धाटणीची आणि तीन जुन्या, असें होऊं देऊं नये. एकाच हातचे संच घ्यावे. आरंभीची पेरागसची खाण लांबते म्हणून ती ओलांडून देणारा एक मॉड मिळतो. पूर्वरंग गाळून एकदम उत्तररंगाला उभ्या राहणाऱ्या कीर्तनकाराची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. चौथ्यांदां खेळणाऱ्यानें तो वापरावा, पहिल्यांदां खेळणाऱ्यानें मुळींच वापरूं नये, कारण क्रेयाच्या बोलण्याचीं बीजें तेथेंच पेरलेलीं आहेत. कोरुस्कंट ग्रहावरील मंदिर नव्यानें घालणारा एक मॉडहि आहे. तो हौशीनें केलेला आहे, परंतु जुन्या परिभाषेंत त्याला प्रक्षेप म्हणतात. एम४-७८ची पुरवणी दुसऱ्या फेरीसाठीं राखून ठेवावी. चालणें फार आणि घडणें कमी, अशी तिच्याविषयींची तक्रार अगदींच खोटी नाहीं.

हा खेळ मराठींत कां नाहीं, असा प्रश्न एखाद्या घरांत निघेल. सर्व वाक्यें एकाच फाईलींत क्रमांकवार असल्यामुळें भाषांतर करून ती फाईल बदलणें तत्त्वतः शक्य आहे, आणि युरोपांतील कांहीं भाषांत तसे फेरफार झालेहि आहेत. अडचण अक्षरांची आहे. या जुन्या यंत्राची समजूत अशी कीं एक अक्षर म्हणजे एक घर, आणि घरें अवघीं २५६. इंग्रजीला किंवा फ्रेंचला तीं पुरून उरतात. देवनागरींत व्यंजनें, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें धरलीं तर एवढ्यांत संसार होत नाहीं. छापखान्यांत जावजी दादाजी यांनीं निर्णयसागरांत देवनागरीचे सुबक टाइप घडविले तेव्हां जी अडचण लोखंड-शिशांत होती, तीच येथें प्रकाशाच्या ठिपक्यांत पुनः उभी राहते. तिच्यावर तोड निघणार नाहीं असें नाहीं. पण ती यंत्राच्या आंत शिरून काढावी लागेल, ओव्हरराइडच्या फोल्डरांत एक फाईल टाकून भागणार नाहीं.

महाभारत आणि हा खेळ यांत आणखी एक मोठा फरक आहे, आणि तो व्यवहारांत बोंचतो. महाभारत कोणाच्या मालकीचें नाहीं. खेळ मालकीचा आहे. म्हणून दुरुस्तांना आपली आवृत्ति सबंध पुस्तकासारखी छापून देतां येत नाहीं; मूळ खेळ विकत घेतलेल्या माणसाला दुरुस्तीचीं पानें तेवढीं देतां येतात. मालकपक्षाची वृत्ति या कामाला नेहमीं प्रतिकूल होती असें मात्र नाहीं. जुलै २०१५ मध्यें ॲस्पायर या मंडळीनें स्टीमवरील या खेळाला रुंद पडद्यांचा आधार दिला आणि स्टीमच्याच 'वर्कशॉप'मधून मॉड घेण्याची सोय केली, तेव्हां टीएसएलआरसीएमहि तेथें आला. २०२२ मध्यें निंटेंडो स्विच या यंत्रासाठीं खेळ निघाला, त्या वेळीं गाळलेला भाग मागाहून मोफत मिळेल असें जाहीर झालें होतें. घरच्या संगणकावर मॉड घालण्याची सोय ज्यांना नव्हती त्यांना ही मोठीच आशा होती. जून २०२३ मध्यें तो येणार नाहीं असें सांगण्यांत आलें. त्यामुळें स्विचवर आजहि पान फाटलेलेंच आहे, आणि पुरा पाठ हवा असणाऱ्यानें संगणकाकडेच वळावें.

तेथें काम करतांना थोडी शिस्त पाळावी. आरंभीं खेळ नव्यानें उतरवून घ्यावा आणि एकदां चालूं करून तो धड चालतो हें पाहावें. केवळ टीएसएलआरसीएम हवा असेल तर स्टीमच्या वर्कशॉपमधून घेणें सर्वांत सोपें. दोन-चार मॉड एकत्र घालावयाचे असतील तर ती वाट सोडावी, कारण तेथें प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरांत राहतो आणि एकमेकांच्या कोष्टकांचा मेळ बसत नाहीं. अशा वेळीं सर्व मॉड हातानें घालावे : आधीं टीएसएलआरसीएम, मग हवी तर एम४-७८ची पुरवणी, आणि त्यानंतर बाकीचे, तेहि टीएसएलआरसीएमशीं जुळतात असें त्यांच्या माहितीपत्रांत लिहिलेलें असेल तर. पुष्कळ मॉडांबरोबर 'टीएसएल पॅचर' नांवाचें साधन येतें. तें कोष्टकाची सबंध फाईल बदलीत नाहीं, तीत नवी ओळ तेवढी भरतें. म्हणून दोन मॉड एकाच कोष्टकाला हात लावीत असले तरी एकाची ओळ दुसरा पुसत नाहीं. मात्र त्यानें भरलेली ओळ मागाहून वेंचून काढणें कठीण. यासाठीं प्रत्येक पायरीनंतर खेळाच्या फोल्डरची एक प्रत निराळी काढून ठेवावी, आणि कोणता मॉड कोणत्या दिवशीं घातला हें कागदावर टिपावें. मॉड घालण्यापूर्वीं जतन केलेला अर्धा खेळ पुढें चालूं करूं नये; त्यांत जुनीं संभाषणें अर्धीं होऊन गेलेलीं असतात आणि नव्या फांद्यांना जागा सांपडत नाहीं. नवा योद्धा घ्यावा आणि पेरागसच्या खाणींत, तो डोळे उघडतो तेथून, खेळ सुरू करावा.